जागा वाढवण्याआधी खुर्च्या मोजा: मुंबईतल्या वाचनालयाच्या विस्ताराचं नियोजन

मुंबईत वाचनालयाला जागा कमी पडते हे वर्षातून दोनदा ठळकपणे दिसतं. एकदा मार्चमध्ये, अभ्यासिकेच्या दारात सॅक घेऊन मुलं ताटकळत उभी असतात तेव्हा. आणि एकदा दिवाळीनंतर, अंकांचे गठ्ठे टेबलाखाली, खिडकीत, ग्रंथपालाच्या खुर्चीमागे रचावे लागतात तेव्हा. मग कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव येतो की वाचनालयाचा विस्तार करावा. सूचक, अनुमोदक, मंजूर. कशासाठी, किती, कोणाच्या वेळेला, आणि वाढलेल्या जागेचं दरमहा बिल कोण भरणार, यातलं ठरावात काहीच नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या शहरात चौरस फूट ही सगळ्यात शेवटी वाढवायची गोष्ट आहे. आधी तास वाढवा, मग कपाटं हलकी करा, मग शाखेचा विचार करा, आणि एवढं करून भागलं नाही तर जागेच्या मागे लागा. अपवाद एकच. तुमची इमारत पुनर्विकासाला जात असेल तर बाकीचं बाजूला ठेवून आधी पुनर्विकासाचा भाग वाचा. ती संधी एका पिढीला एकदाच मिळते आणि करारावर सह्या झाल्या की संपते.

## आधी मोजणी

वार्षिक अहवालातली सभासदसंख्या या कामाला उपयोगी नाही. वर्गणी भरून वर्षभर न फिरकलेले त्यात असतात, आणि आजोबांच्या एका कार्डावर वाचणारं अख्खं घर त्यात एकच धरलेलं असतं. त्यापेक्षा तीन गोष्टी मोजा.

पहिली, बसलेली माणसं. शिपायाकडे एक तक्ता द्या. दर तासाला मुक्त वाचन कक्ष, अभ्यासिका, बालविभाग, संदर्भ विभाग, प्रत्येक ठिकाणी किती जण बसले आहेत एवढंच लिहायचं. साधे दोन आठवडे आणि परीक्षेच्या हंगामातला एक, एवढं पुरतं. मे महिना आणि गणपती-दिवाळी टाळा, त्या दिवसांत निम्मी मुंबई गावाला असते. बहुतेक ठिकाणी चित्र असं निघतं की सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सातनंतर खुर्ची मिळत नाही, आणि दुपारी दोन ते चार पंखे रिकाम्या खुर्च्यांवर फिरत असतात.

दुसरी, परत गेलेले. देवघेवीच्या टेबलावर एक दोनशे पानी वही ठेवा आणि तिच्यात रकाने पाडा: पुस्तक संग्रहात नाही, संग्रहात आहे पण सापडलं नाही, खुर्ची नाही, वेळ संपली, जिना चढवत नाही, दुसऱ्या भाषेतलं पुस्तक हवं होतं. माणूस परत गेला की त्या रकान्यात एक रेघ. सगळ्या मोजणीत मला हीच वही सगळ्यात मोलाची वाटते. ‘सापडलं नाही’च्या रेघा जास्त निघाल्या तर तुम्हाला जागेआधी ग्रंथ पडताळणी हवी आहे. ‘वेळ संपली’च्या जास्त निघाल्या तर वॉचमन आणि किल्ली हवी आहे.

तिसरी, कधीच न आलेले. त्यांना विचारायचं तर वाचनालयात फॉर्म ठेवून उपयोग नाही. संध्याकाळी स्टेशनबाहेर, शाळा सुटताना फाटकाशी, एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनाच्या, इमारतींच्या आवारात जावं लागतं. ‘वाचनालय हवं का’ असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. मुलांनी काल अभ्यास कुठे बसून केला, घरात शेवटचं पुस्तक कुठून आलं, घरी कोणत्या भाषेत वाचतात, रात्री किती वाजता स्टेशनवर उतरता, हे विचारा. आणि प्रश्न मराठीबरोबर हिंदीतही तयार ठेवा.

## वस्ती किती आणि कशी वाढणार

२०११ च्या जनगणनेचे आकडे आधाराला घ्या, पण त्यावर मजला चढवू नका. मधल्या वर्षांत चाळी पडून टॉवर उभे राहिले. जास्त कामाची माहिती महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर आहे. नोंदणी झालेल्या प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर सदनिकांची संख्या आणि काम पूर्ण होण्याची तारीख असते. वाचनालयापासून चालत पंधरा मिनिटांचा परिसर नकाशावर आखा. मात्र गोल वर्तुळ काढू नका. रेल्वेचे रूळ, हमरस्ता, नाला ओलांडून दहा वर्षांचं मूल एकटं येत नाही, तेव्हा हद्द तिथेच थांबवा. त्या हद्दीतले प्रकल्प वर्षवार मांडा, आणि दिलेल्या तारखेत स्वतःच्या अनुभवाने वर्ष-दीड वर्ष मिळवा.

आकड्याइतकंच महत्त्व माणूस बदलण्याला आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींतली कुटुंबं १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात जात आहेत. घरात मुलाला टेबल मिळालं की अभ्यासिकेची गर्दी ओसरेल, असं समितीतला कोणीतरी म्हणतोच. पण स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा मुलगा टेबलासाठी येतो तितकाच सोबतीसाठी आणि शिस्तीसाठी येतो. शिवाय अशा प्रकल्पांत त्याच आवारात विक्रीच्या इमारती उभ्या राहतात आणि त्यांतली घरं वेगळी असतात, आजी मराठी वाचणारी, आईवडील वेळ नसलेले, नातवंडं इंग्रजी माध्यमातली. बालविभागात इंग्रजी आणि हिंदी पुस्तकं ठेवायला जुने सभासद नाक मुरडतात. माझ्या मते ठेवावीत, आणि त्याच फळीवर मराठी पुस्तकं मिसळून ठेवावीत. वेगळं मराठी कपाट केलं की मूल त्याकडे बघत नाही.

## तास: सगळ्यात स्वस्त विस्तार

हिशेब करून पाहा. तीस खुर्च्यांची अभ्यासिका दिवसाला बारा तास उघडी असेल तर रोज ३६० खुर्ची-तास मिळतात. ती सकाळी सहा ते रात्री दहा, म्हणजे सोळा तास उघडी ठेवली तर ४८०. हेच वाढीव १२० तास जुन्या वेळेतच मिळवायचे तर आणखी दहा खुर्च्या लागतील. एका वाचकाला ये-जा करायच्या वाटेसकट सुमारे २५ चौरस फूट धरतात, म्हणजे अडीचशे चौरस फूट जागा. आसपासचा भाव चौरस फुटाला ३०,००० रुपये धरला तरी पाऊण कोटी. समोर एका रखवालदाराचा पगार आणि विजेचं वाढीव बिल ठेवा.

रात्रीचे तास वाढवताना मुली येतील का, हा प्रश्न आधी विचारा. जिन्यावर दिवा, स्वच्छ आणि आतून कडी लागणारं शौचालय, दारात माणूस, आणि रस्त्यापासून दारापर्यंत कॅमेरा. यातलं एक कमी पडलं तरी रात्रीची अभ्यासिका मुलांचीच होऊन बसते.

## कपाटं हलकी करणं

समजा, तुमच्याकडे ९०० चौरस फूट जागा आणि १८,००० ग्रंथ आहेत. तीन फूट रुंदीचं, दोन्ही बाजूंनी लावायचं, सात फळ्यांचं लोखंडी रॅक घेतलं तर त्यात खच्चून न भरता साधारण ४०० पुस्तकं मावतात. म्हणजे ४५ रॅक. पुढची तीन फुटांची वाट आणि आडव्या वाटेचा हिस्सा धरून एका रॅकला सुमारे १८ चौरस फूट लागतात. ४५ गुणिले १८ म्हणजे ८१०. उरले ९० चौरस फूट, ज्यात देवघेवीचं टेबल, वर्तमानपत्रांचा स्टँड, ग्रंथपाल आणि वाचक, सगळे.

आता पडताळणी करा. पाच वर्षांत एकदाही न गेलेली, तीन-तीन प्रती असलेली, जुन्या अभ्यासक्रमांची गाइडं, कायदा बदलल्यामुळे निरुपयोगी झालेली करविषयक पुस्तकं, कसर लागून पानं सुटलेली. अशी चार हजार बाद झाली आणि आणखी चार हजार दुर्मीळ किंवा क्वचित लागणारी वेगळ्या साठवणीत गेली, तर हाताशी दहा हजार उरतात. २५ रॅक, ४५० चौरस फूट. वाचवलेल्या ३६० चौरस फुटांत चौदा वाचक ऐसपैस बसतात.

पण बाद करणं म्हणजे रद्दीवाल्याला बोलावणं नव्हे. दाखल नोंदवहीत प्रत्येक नोंदीसमोर शेरा, यादीला कार्यकारी मंडळाची मंजुरी, आणि कोणती पुस्तकं शासकीय अनुदानातून किंवा भेट योजनेतून आली ते पाहून त्याप्रमाणे कार्यवाही. शासनमान्य ग्रंथालयाचा अ, ब, क, ड वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते, तेव्हा उत्साहाच्या भरात आकडा वर्गाच्या किमान मर्यादेखाली नेऊ नका. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आधी भेटून घ्या. आणि जुनी मासिकं, दिवाळी अंकांचे बांधीव संच, स्थानिक संस्थांच्या स्मरणिका यांना हात लावण्याआधी जाणकार माणसाला दाखवा. कोणीच मागत नाही म्हणून गिरणगावातल्या एखाद्या मंडळाची जुनी स्मरणिका टाकून दिली, तर ती पुन्हा मिळेलच असं नाही.

याच वेळी संगणकीकरण उरकून घ्या. कोहा ही ग्रंथालयांसाठीची मुक्त संगणकप्रणाली आहे, केंद्र सरकारच्या एनआयसीची ई-ग्रंथालय आहे. दोन्हींत मराठी नोंदी युनिकोडमध्ये होतात. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या याद्या असतील तर त्या आधी बदला, नाहीतर शोधात काहीच सापडत नाही.

## जागा कुठे शोधायची

महापालिकेच्या संकेतस्थळावर विकास आराखडा २०३४ पाहता येतो. तुमच्या हद्दीत वाचनालयासाठी किंवा समाजकेंद्रासाठी आरक्षित भूखंड आहे का ते बघा आणि असल्यास डीपी रिमार्क, म्हणजे भूखंडावरच्या आरक्षणाचा महापालिकेचा लेखी शेरा, काढा. काही आरक्षणांत मालक भूखंड विकसित करतो आणि ठरलेली बांधीव सुविधा महापालिकेला देतो. ती कोणाला चालवायला द्यायची हे पुढे ठरतं. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांतही सुविधांच्या यादीत युवा केंद्र किंवा वाचनालय आहे. पुष्कळ ठिकाणी ती खोली बांधली जाते, ताब्यात येते आणि कुलूप लागून पडते. अशी खोली तुमच्या हद्दीत असेल तर त्या सोसायटीशी बोला. नवी इमारत बांधण्यापेक्षा तिथे शाखा काढणं सोपं.

शाखेबद्दल एक शब्द. १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय शहराबरोबर वाढलं ते शाखा काढून. लांबलचक आणि रुळांनी चिरलेल्या या शहराला तेच मानवतं. मुख्य वाचनालयाला शंभर फूट जोडण्यापेक्षा रुळांच्या पलीकडे दोनशे फुटांत देवघेव सुरू करणं जास्त वाचकांना पोचतं. पण शाखेला स्वतंत्र माणूस लागतो. तो नसेल तर आठवड्यातून दोन दिवस पुस्तकांच्या पेट्या पाठवा, मोठ्या सोसायट्यांत हे चालतं.

पोटमाळा काढण्याचा मोह टाळा. विनापरवाना माळा म्हणजे नोटीस, आणि त्यावर पुस्तकं ठेवली तर नोटिशीपेक्षा वाईट काही.

## इमारत पुनर्विकासाला जात असेल तर

मुंबई शहर भागातली बरीच जुनी वाचनालयं उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींत पागडीने, म्हणजे एकरकमी पैसे देऊन मिळवलेल्या नाममात्र भाड्याच्या हक्काने, आहेत. अशा इमारतींसाठी विकास नियमावलीतलं कलम ३३(७) लागतं आणि त्यातली एक ओळ प्रत्येक कार्यवाहाने पाठ करावी. निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा) मिळतं, जुनी खोली त्याहून लहान असली तरी. अनिवासी भाडेकरूला मात्र जुन्या जागेइतकंच मिळतं. वाचनालय अनिवासी. म्हणजे वर बावीस मजले चढतील, पाचपट माणसं राहायला येतील, आणि तुमच्या हातात कायद्याने पडेल ती जुनीच, समजा ४२० चौरस फुटांची, खोली. यापेक्षा जास्त हवं असेल तर ते वाटाघाटीत मागावं लागतं, विकत घ्यावं लागतं, किंवा दोन्ही.

म्हणून सर्वांत आधी जुनी जागा नीट मोजून घ्या. विकासकाच्या मोजणीवर विसंबू नका, आपला वास्तुविशारद लावा. गॅलरी, जिन्याखालची खोली, मंजूर माळा, जे जे कागदोपत्री तुमच्या ताब्यात आहे ते मोजणीत आलं पाहिजे. मग भाडेपावती काढून बघा कोणाच्या नावावर आहे. पुष्कळ संस्थांत ती चाळीस वर्षांपूर्वीच्या अध्यक्षांच्या वैयक्तिक नावावर निघते, अध्यक्ष केव्हाच वारलेले असतात आणि वारस परदेशी. म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडून भाडेकरूंची यादी प्रमाणित होते. त्या यादीत संस्थेचं नाव नसेल तर पुढची सगळी भांडणं तुम्ही हरलेल्या जागेवरून भांडता. विजेचं बिल, अनुदानाचे आदेश, तपासणी अहवाल, जुने वार्षिक अहवाल, जिथे जिथे या पत्त्यावर संस्थेचं नाव छापलं आहे ते एका फाइलीत लावा.

मागण्या तोंडी करू नका. कायमस्वरूपी पर्यायी जागेच्या करारनाम्यात लिहून घ्या, आणि तो नोंदणीकृत असू द्या. काय मागायचं? तळमजला किंवा पहिला मजला, पायऱ्यांवाचून प्रवेश. निवासी लोकांच्या लिफ्टवर अवलंबून नसलेलं स्वतंत्र दार, म्हणजे रात्री दहापर्यंत उघडं ठेवल्यावर सोसायटी कुरकुरणार नाही. स्वतंत्र वीजमीटर. दोन शौचालयं. पुस्तकांचं वजन पेलेल असा स्लॅब, त्याचा आकडा आराखड्यावर. बांधकाम चालू असेपर्यंतच्या जागेचं भाडं आणि नेण्याआणण्याचा खर्च.

आणि कॉर्पस, म्हणजे देखभालीसाठी विकासकाकडून घ्यायचा एकरकमी निधी. हा मुद्दा सगळ्यात कमी वेळा मागितला जातो आणि त्याचीच झळ सगळ्यात जास्त काळ बसते. पागडीत भाडं महिन्याला काही शे रुपये असतं. नव्या इमारतीत देखभाल खर्च चौरस फुटाला दहा रुपये धरला तरी हजार फुटांना महिना दहा हजार, वर्षाला सव्वा लाखाच्या घरात. लहान वाचनालयाच्या वर्गणीतून हे निघत नाही. एकरकमी निधी मिळवून तो मुदतठेवीत ठेवायचा आणि व्याजातून देखभाल भागवायची, हाच टिकाऊ मार्ग दिसतो. शक्य असेल तर सोसायटीच्या सभेत वाचनालयाला सवलतीचा दर ठरवून घ्या, तोही लेखी.

जागा संस्थेच्या मालकीची असेल तर आणखी एक पायरी आहे. महाराष्ट्रात बहुतेक वाचनालयं १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असतात. त्यातल्या कलम ३६ प्रमाणे स्थावर मालमत्तेची विक्री, अदलाबदल, बक्षीस किंवा तीन वर्षांहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा यांना धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. परवानगीला वेळ जातो. विकासक घाई करेल, त्याला करू द्या. दरम्यान विश्वस्तांच्या नावांचे बदल अर्ज निकाली निघाले आहेत का तेही तपासा. अर्जावर सही करणाऱ्याचंच नाव नोंदीत नसलं तर फाइल तिथेच अडते.

उपनगरांतल्या सहकारी सोसायट्यांत गोष्ट निराळी. तिथे वाचनालय अनेकदा कोणाच्या तरी कृपेने दिलेल्या खोलीत असतं आणि हक्क म्हणून काहीच नसतो. तिथे कागदापेक्षा सभासदांचं बळ उपयोगी पडतं. सर्वसाधारण सभेत विषय येण्याआधी प्रत्येक मजल्यावर तुमचे किती वाचक आहेत ते मोजून ठेवा आणि त्यांना सभेला यायला लावा.

## वजन, पाणी, आग

पुस्तकाचं वजन कोणी धरत नाही. वर सांगितलेलं दुहेरी रॅक गच्च भरलं तर रॅकसकट साडेतीनशे किलोच्या आसपास जातं. पुढच्या वाटेवर ते वाटून धरलं तरी चौरस मीटरला पावणेतीनशे किलो होतात. राहत्या घराचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून बांधतात. भारतीय मानकात पुस्तकांच्या साठवणीच्या खोलीसाठी हाच आकडा सुमारे ६०० किलो आहे, तोही रॅक सव्वादोन मीटरपर्यंत उंच असेल तर. रुळांवर सरकणारे कॉम्पॅक्टर घेतले तर मधल्या वाटाच जातात आणि भार आणखी वाढतो. तेव्हा ‘फ्लॅट मिळाला, रॅक लावले’ असं करू नका. संरचना अभियंत्याचं लेखी प्रमाणपत्र घ्या. जुन्या इमारतीत रॅक भिंतीलगत आणि तुळईवर घ्या, मधल्या भागात टेबलखुर्च्या.

तळमजला वाचकाला सोयीचा आणि पुस्तकांना धोक्याचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते सोडा. हिंदमाता, परळ, कुर्ला इथे मोठ्या भरतीला साधा जोराचा पाऊसही पुरतो. जुन्या दुकानदारांना विचारा, पाणी कुठवर चढतं ते भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. त्या खुणेच्या वर पहिली फळी. वरच्या मजल्याच्या न्हाणीघराखाली रॅक नको, नळ गळतो तेव्हा रात्रीच गळतो. पावसाळ्यात चार महिने हवा ओली असते. रॅक आणि भिंतीत चार बोटं अंतर ठेवा, दोन्ही बाजूंना खिडक्या आणि बाहेर हवा काढणारे पंखे ठेवा. प्लायची कपाटं स्वस्त पडतात, वाळवीलाही तीच आवडतात.

पुस्तकांजवळ आग विझवायची कोणती नळकांडी ठेवायची ते जाणकाराला विचारून ठरवा. कार्बन डायऑक्साइडने कागदाची आग पुरती विझत नाही, ती धुमसून पुन्हा पेटू शकते. पावडरीने आग विझते, पण नंतर पानापानांतून पावडर झाडत बसावं लागतं. अग्निसुरक्षा यंत्रणेच्या देखभालीचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैत द्यायचं असतं. सोसायटी देते का ते बघा.

अपंग वाचकांसाठीचा उतार एकास बारा, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दोन रॅकमधली किमान एक मुख्य वाट चाकाची खुर्ची जाईल इतकी, चार फूट.

## पैसा

बांधकामाला पैसा मिळतो, चालवायला मिळत नाही. म्हणून अंदाजपत्रक उलटं करा. आधी विस्तारानंतरच्या पाच वर्षांचा चालू खर्च मांडा: पगार, देखभाल, वीज, पुस्तक खरेदी, वर्तमानपत्रं. तो कुठून येणार हे ठरल्याशिवाय बांधकामाचा आकडा सभेपुढे ठेवू नका.

शासनाचं परिरक्षण अनुदान १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली वर्गानुसार मिळतं. २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने त्यात ६० टक्के वाढ मंजूर केली. पण ते दोन हप्त्यांत येतं आणि पगाराची तारीख दर महिन्याला येते. तेवढी तजवीज हवी. इमारत, फर्निचर, बालविभाग, संगणक यांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत. १९७२ पासूनची ही केंद्रीय संस्था, प्रस्ताव राज्याच्या ग्रंथालय संचालनालयामार्फत जातात. संचालनालय फोर्टमध्ये टाउन हॉलच्या इमारतीत आहे. एकदा प्रत्यक्ष जाऊन कोणती योजना चालू आहे ते विचारून या.

कंपन्यांच्या सामाजिक निधीबाबत (सीएसआर) एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टात सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं हे स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे. म्हणजे ‘शिक्षणात बसवून घ्या’ अशी गळ घालावी लागत नाही. मात्र संस्थेकडे आयकर सवलतीची १२ए आणि ८०जीची नोंदणी, कामाचा तीन वर्षांचा इतिहास आणि सीएसआर-१ हा नोंदणी क्रमांक हवा. कंपन्यांना तोंडी गोष्ट नको असते, म्हणून परत गेलेल्यांची वही इथे पुढे करा. ‘गेल्या तिमाहीत अमुक इतके विद्यार्थी खुर्चीअभावी परत गेले’ हे वाक्य दहा पानी प्रस्तावापेक्षा लवकर वाचलं जातं.

देणगीदाराच्या नावाची पाटी लावायला हरकत नाही, पण दर ठरवून ठेवा, कक्षाला किती, कपाटाला किती. नाहीतर पंचवीस हजार देणारा दर्शनी भिंत मागतो. आणि कंत्राट मंडळातल्या कोणाच्या मेव्हण्याला जाणार नाही हा ठराव पैसे यायच्या आधी करा. आल्यावर करणं अवघड जातं.

## हलवणं आणि मधला काळ

विस्तारात वाचनालयं पैशांपेक्षा वाचक जास्त गमावतात. तीन वर्षं दार बंद राहिलं की माणसाची सवय मोडते, आणि ज्येष्ठ नागरिकांच्या बाबतीत तर तीन वर्षं हा फार मोठा काळ. म्हणून मधल्या काळात एखादा दीडशे फुटांचा गाळा भाड्याने घेऊन, सगळ्यात जास्त जाणारी दोन हजार पुस्तकं, नवी खरेदी आणि वर्तमानपत्रं तिथे चालू ठेवा. दिवाळी अंकांची योजना तर कोणत्याही परिस्थितीत बंद करू नका. वर्षातून एकदाच फिरकणारे सभासद त्याच निमित्ताने येतात.

पुस्तकं जूनपासून सप्टेंबरपर्यंत हलवू नका. दिवाळी अंक बरेचसे परत आले आणि परीक्षांची गर्दी अजून सुरू झाली नाही, असा जानेवारी बरा. कागदाच्या रिमची लहान खोकी घ्या. मोठं खोकं पुस्तकांनी भरलं की उचलत नाही, आणि उचललं तर खालून फाटतं. खोक्याच्या दोन बाजूंना रॅक क्रमांक, फळी क्रमांक आणि त्या फळीवरच्या पहिल्या-शेवटच्या पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहा. वरच्या झाकणावर लिहू नका, थप्पी लागली की दिसत नाही. नव्या जागेत रॅकवर तेच क्रमांक आधी चिकटवून ठेवले तर दहा स्वयंसेवक शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत बरंचसं लावून टाकतात. खोकी साठवायच्या जागी लाकडी पट्ट्यांवर रचा, थेट फरशीवर नको. महिन्यातून एकदा उघडून वाळवी बघा, आणि हे काम कोणाचं ते नाव घालून ठरवा.

नवी जागा उघडल्यावर सगळी कपाटं भरू नका, प्रत्येक फळीचा चौथा हिस्सा रिकामा ठेवा. तोच मोजणीचा तक्ता आणि तीच परत गेलेल्यांची वही पुन्हा सहा महिने चालवा. फर्निचरच्या रकमेतला पाचवा हिस्सा तोपर्यंत खर्च करू नका. बालविभागात मुलं जमिनीवरच बसतात असं दिसलं तर सतरंज्या घ्याल, अभ्यासिकेत चार्जिंगसाठी भांडणं होतात असं दिसलं तर प्लग वाढवाल.